ओनोमिचीत एका सहीसाठी

ग्योतोकुहून आम्ही सकाळच्या पहिल्या गाड्यांपैकी एकीने निघालो. नाशिकहून येऊन मला तीन दिवस झाले होते आणि एकाही रात्री नीट झोप लागली नव्हती.

केतकी, माझी मुलगी, तोक्योबाहेरच्या या उपनगरात सहा वर्षं राहते. एका संशोधन संस्थेत माशांवर प्रयोग करते. आता तिथे तिला कायमची नोकरी मिळत होती. पण जपानी पद्धत अशी, की नेमणुकीआधी दोन माणसांचं हमीपत्र लागतं. एक तिथल्या ओळखीच्या माणसाचं, एक घरच्याचं. ही मुलगी नीट वागेल, सचोटीने काम करेल, हे घरच्याने लिहून द्यायचं. तो कागद तिने दोनदा कुरियरने पाठवला आणि दोन्ही वेळा मी तो कपाटात टाकला. सोमवारी मुदत संपत होती. आज शुक्रवार. मी सही करायला आलो नव्हतो, मुलीला परत न्यायला आलो होतो. पस्तीस वर्षं नळ आणि पाइप विकले आहेत. समोरच्याला हवी असलेली वस्तू आपल्या हातात असली की घाई करायची नसते, एवढं मला कळतं.

राग जुना होता. जपानात तो मोठा भूकंप झाला त्या आठवड्यात मी तिचं परतीचं तिकीट काढलं होतं. तिच्या आसपासची ओळखीची मराठी कुटुंबं बॅगा भरून निघाली. ही आली नाही. त्यानंतर तीन वर्षं आमचं बोलणं तिच्या आईमार्फतच चाललं होतं. ही समुद्राकाठच्या ओनोमिची गावची सहलही आईनेच ठरवायला लावली असणार.

शिनकान्सेन (वेगवान रेल्वे) सुरेख होती, पण मला तिचं कौतुक करण्याची ताकद नव्हती. केतकीने ओनिगिरी (भाताचा समुद्रशेवाळात गुंडाळलेला त्रिकोणी गोळा) दिली. आत खारवलेलं आंबट फळ होतं. लोणच्यासारखं लागलं, बरं वाटलं. फुकुयामाला उतरून आम्ही साध्या गाडीत बसलो आणि वीसेक मिनिटांत ओनोमिची आलं.

समुद्र म्हणावा तर नदीएवढा अरुंद. पलीकडे बेट, त्यावर जहाजदुरुस्तीच्या क्रेन. अलीकडे रेल्वेचे रूळ ओलांडले की लगेच डोंगर, आणि डोंगरावर देवळांमागून देवळं. इथली हवा भूमध्य समुद्राकाठच्या गावांसारखी आहे, म्हणून बेटांवर लिंबं होतात, असं केतकी सांगत होती. मी नुसती मान हलवली.

हॉटेल म्हणजे पूर्वीच्या कापड व्यापाऱ्याचं गोदाम. सहाच खोल्या. जाड तुळया तशाच ठेवलेल्या, भिंती मातीच्या, आणि काउंटरवर एका मातीच्या वाडग्यात लिंबं. मालकीण मोरिता-सान (सान म्हणजे आपलं 'जी'), वय साठीच्या आसपास, केस आखूड कापलेले. तिने वाकून नमस्कार केला, चहा दिला, पण खोलीची किल्ली दिली नाही. केतकीने सांगितलं, आधी वरच्या देवळापर्यंत चालून यायचं, मग किल्ली. भूकंप झाला आणि समुद्र चढला तर पाहुण्याने कुठे पळायचं, तो रस्ता ती प्रत्येकाला स्वतः चालून दाखवते.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, पैसे खोलीचे दिलेत, डोंगराचे नाही. मग घासाघीस सुरू केली. उद्या सकाळी जातो. बरं, आज निम्म्या पायऱ्या, उद्या निम्म्या. बरं, केतकी बघून येईल, मी तिच्यामागून पळेन. मी चारपाच वाक्यं बोललो, केतकीने जपानीत एकच सांगितलं. मोरिता-सान आत गेली आणि घडीचं छोटं स्टूल घेऊन आली.

"तू काय सांगितलंस तिला?"

"बाबा दमलेत, एवढंच."

दोन घरांमधून जेमतेम माणूस जाईल एवढा रस्ता. पायऱ्या दगडी, झिजलेल्या. दर वळणावर मोरिता-सान न विचारता स्टूल मांडायची, मी बसायचो, ती समुद्राकडे बघत उभी राहायची. एका मांजराने मला दोनदा मागे टाकलं. मी मनात पायऱ्या मोजत होतो, शंभराच्या पुढे सोडून दिल्या.

वर देवळाचं अंगण होतं. पाण्याची पिंपं कुठे, घोंगड्या कुठे, ते तिने दाखवलं. मग केतकीमार्फत म्हणाली, की उत्तरेत समुद्राकाठी तिचं असंच एक छोटं हॉटेल होतं, त्या भूकंपात समुद्र त्यात शिरला. पाहुण्यांना खोल्या ठाऊक होत्या, रस्ता ठाऊक नव्हता. इतकंच. आम्हाला स्टूल ठेवून ती खाली गेली.

मग मी जे बोलायला आलो होतो तेच बोललो.

"असं सगळं होत होतं, तेव्हा तरी परत यायचं होतंस."

"बाबा, वीज जात होती. ठरवून बंद करायचे, तीन-तीन तास. टाक्यांत हवा सोडणारे पंप बंद पडले की मासे मरतात. मी आणि एक तंत्रज्ञ, आम्ही दोघंच आळीपाळीने थांबलो होतो. तीन वर्षांचं काम होतं."

"माशांसाठी?"

"हो."

"मला सांगायचंस तसं."

"सांगितलं होतं. मासे म्हटल्यावर तुम्ही फोन आपटलात."

आपटला होता. ते मी विसरलो नव्हतो, फक्त तिला आठवत असेल असं वाटलं नव्हतं. ती पुढे म्हणाली, की ती चौथीत असताना गोदावरीला पूर आला तेव्हा मी दोन दिवस दुकानाच्या पोटमाळ्यावर बसून होतो. आईने माणूस पाठवला, होडी पाठवली, मी उतरलो नाही.

"दुकान आपलं होतं," मी म्हणालो.

"मासे माझे होते."

मी उठून स्टूलाची घडी घातली. खाली फेरीबोट पलीकडे जाऊन परत आली. मग ती म्हणाली, "चला, थंडी वाजेल तुम्हाला."

खोली लहान, नीटनेटकी. मी सवयीने नळ उघडून पाहिला. पाणी बिनआवाज आलं, थेंबही न गळता थांबलं. चूक काढायला जागा नव्हती, याचाही थोडा राग आला. जेवणात मोरिता-सानने आमच्यासाठी दाशी (माशांचं सार, ज्यावर इथलं सगळं जेवण उभं असतं) वेगळी केली होती, शेवाळ आणि अळिंबीची. मी लवकर झोपलो, आणि आल्यापासून पहिल्यांदा सलग झोपलो.

सकाळी न्याहारीच्या टेबलावर मी केतकीकडे कागद मागितला. तिने तो पिशवीतून काढला. न वाचता मी आजवर कशावर सही केलेली नाही. म्हटलं, ओळ न् ओळ मराठीत सांग. ती सांगत गेली. संस्थेचं नुकसान झालं तर काय, गैरवर्तन झालं तर काय. मी दोन कलमांवर वाद घातला. ती म्हणाली, कलमं बदलत नाहीत.

"किती वर्षांसाठी आहे?"

"पाच. हमी त्याहून जास्त मुदतीची घेत नाहीत."

"आणि पाच वर्षांनी?"

"त्यांनी मागितली तर पुन्हा सही लागेल."

"तेव्हाही माझीच?"

"तुमचीच. पोस्टाने पाठवली तरी चालते."

"मी पोस्टाने सही करत नाही," मी म्हणालो. "यावं लागेल."

तिने मान खाली घातली आणि बराच वेळ वाडग्यातला भात चॉपस्टिकने सारखा करत राहिली. मी मोरिता-सानकडे पेन मागितलं. तिने दोन्ही हातांनी दिलं.

नाशिकला परतल्यावर दुकानात जो तो विचारतो, आणलंत का मुलीला? नाही आणलं. सौदा तोट्याचा झाला, असं म्हणायला हरकत नाही. जे आणायला गेलो ते आणलं नाही आणि जे द्यायचं नव्हतं ते देऊन आलो. हे मला अजूनही पुरतं पचलेलं नाही, आणि थकवा म्हणाल तर तो आठवडाभर उतरला नाही. पण आल्या आल्या पासपोर्ट काढून पाहिला. त्याची मुदत चारच वर्षं उरली आहे. नवीन कधी करता येतो ते विचारायला एजंटकडे गेलो. तो म्हणाला, काका, अजून चार वर्षं आहेत, एवढी घाई काय? मी त्याला म्हटलं, अर्ज कसा भरायचा ते आत्ताच लिहून दे.