पोटुशी मुशी

बुधवारी संध्याकाळी गौरीचा फोन आला आणि ती नुसती रडत होती. गौरी माझी धाकटी बहीण. रत्नागिरीजवळच्या एका किनाऱ्यावरच्या गावात दिलेली, मासेमारी करणाऱ्या घरात. (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेल.) अकरा दिवसांपूर्वी तिला मुलगी झाली होती. आमची आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच.

"दादा, दूधच पुरत नाहीये. वजन उतरलंय तिचं. डॉक्टर म्हणाले, सोमवारी परत वजन करू, वाढलं नसेल तर ॲडमिट करायचं."

मी जन्मजात काळजीखोर माणूस. शेजारच्याला शिंक आली तरी मी डॉक्टरचा नंबर शोधतो. त्या रात्री बॅग भरताना मी तीन थर्मामीटर घेतले, यावरून काय ते समजा.

गुरुवारी पहाटे पुण्यातून गाडी काढली. रत्नागिरीला जायला बरेच जण कोल्हापूरवरून आंबा घाटानं जातात. मी कराडहून पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला आलो. रस्ता घाटापर्यंत ठीक आहे. घाटात दोन वळणं उखडलेली आहेत आणि समोरून ट्रक आला की आपोआप देव आठवतो. कराडच्या पुढे चहा-मिसळ उरकून घ्या, नंतर बराच वेळ धड काही मिळत नाही. चिपळूणनंतर महामार्ग लागतो. सावर्ड्यात बाजाराचा दिवस असावा, अर्धा तास गाडी हलेना. हॉर्न वाजवून माझाच घसा बसला असं वाटलं. संगमेश्वरला दुसरा चहा घेतला, तिथून हातखंब्याला उजवीकडे वळून रत्नागिरीत शिरलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. खाण्यापिण्यासाठी थांबत गेलात तर आठ-साडेआठ तास धरून चाला.

एरवी मी इथे, या माझ्या प्रवासाच्या ब्लॉगवर, रत्नदुर्गाचे फोटो टाकले असते. या खेपेला किल्ला लांबूनच बघितला.

घरी पोचलो तेव्हा गौरीच्या सासूबाई पडवीत बसून लसूण सोलत होत्या. मी त्यांना काकी म्हणतो. साठीच्या, काटक, आयुष्यभर मासळी विकलेली बाई. त्यांचा आवाज बाजारात घडलेला, त्यामुळे त्या प्रेमानं बोलल्या तरी आपण दचकतो.

"इलास? बरा झाला. आता तूच आण. तुज्या मेव्हण्याच्या जाळ्यात आठ दिस एक मुशी नाय गावली."

"मुशी कशाला, काकी?"

"कशाला म्हंजे? बाळंतिणीला मुशीचं कालवण दिल्याबिगर दूध उतरतंय व्हय? माज्या चार पोरांना तसंच पाजलंय."

मुशी मला ठाऊक होती. मसालेदार कालवणात भाकरी बुडवून मी ती अनेकदा हाणली आहे. पण ती म्हणजे शार्क, हे माझ्या डोक्यात कधी नीट शिरलंच नव्हतं. शार्क म्हटलं की मला दातांचा जबडा दिसायचा आणि मुशी म्हटलं की वाटी.

गौरीची खोली बंद, खिडकीला पडदा. ती सुकून गेली होती. ओठांवर भेगा. तांब्याकडे हात नेला तर काकींची आठवण येऊन मागे घेत होती, कारण बाळंतिणीनं पाणी जास्त प्यायलं की पोट सुटतं, असा त्यांचा नियम. गावातल्या नर्सताईंनी मात्र मला अंगणात गाठून वेगळंच सांगितलं होतं. "भरपूर पाणी प्यायला द्या, दर दोन तासांनी पाजू द्या आणि तिला झोपू द्या. दिवसभर भेटायला येणारी माणसं थोपवा आधी."

बाळाला हातात घेतलं. इतकं हलकं होतं की मी ते लगेच गौरीच्या कुशीत परत ठेवलं.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला मिरकरवाडा बंदरावर गेलो. तिथे जाणार असाल तर सातच्या आत पोचा, जुन्या चपला घाला आणि फोटो काढण्याआधी विचारा. बांगडा होता, सौंदाळे होते, म्हाकूळ होतं. मुशी एकही नव्हती. तीन-चार ठिकाणी विचारलं. एका म्हाताऱ्यानं हात हवेत उडवला, "पूर्वी ढीग पडायचे रे. आता कुठं?" मी रिकाम्या हातानं परतलो आणि काकींचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे नाही, गौरीकडे बघितलं. गौरीनं मान खाली घातली, जणू मुशी न मिळणं हा तिचाच दोष होता. संताप आला मला.

शनिवारी परत गेलो. आदल्या दिवशी काकींनी बजावलं होतं, "पोट भरलेली बघून आण." मी पुणेकर, त्यामुळे पोट भरलेली म्हणजे गाबोळीची, अंड्यांनी भरलेली, एवढंच मला सुचलं. एका बाईच्या टोपलीत चार मुशा होत्या, हातभर लांब, राखाडी. मी ऐटीत म्हणालो, "मावशी, गाबोळीवाली द्या."

आजूबाजूच्या दोघी-तिघी खो-खो हसल्या.

"मुशीला गाबोळी? आवो, ती काय बांगडा हाय? तिला पिल्लं व्हतात. पोटुशी म्हना, दादा, पोटुशी मुशी!" मावशींनी पदर सावरला. "कुनासाठी?"

"बहीण बाळंतीण आहे."

त्यांचं हसू थांबलं. त्यांनी चारांतली एक उचलली, अंगठ्यानं पोट दाबून पाहिलं. "ही न्या. आत्ताच बोटीवरनं उतरलीय, ताजी हाय. दुसऱ्या कुनाला दिली नसती."

घासाघीस न करता घेतली. गाडी चालवताना मला लढाई जिंकल्यासारखं वाटत होतं. पिल्लं असतात हे ऐकलं होतं, पण ऐकणं आणि कळणं यात एक रस्ता असतो. तो मी अजून ओलांडला नव्हता.

घरी महेश आला होता. महेश गौरीचा नवरा, बोटीवर तांडेल. तांडेल म्हणजे बोट कुठे न्यायची, जाळं कुठे टाकायचं ते ठरवणारा. चार दिवसांनी समुद्रावरून परतला होता आणि बाळाकडे बघत उंबऱ्यावर बसला होता. काकींनी अंगणात विळी मांडली. मुशीची कातडी घासकागदासारखी खरखरीत असते, ती नंतर गरम पाण्यात बुडवून खरवडतात. आधी त्यांनी पोट चिरलं.

आतून पाच पिल्लं निघाली. बोटापेक्षा थोडी लांब, आईचीच नक्कल, डोळे उघडे, पोटाला नाळ. आणि ती हलत होती.

काकींना नवल नव्हतं. "बघ, किती चांगली निघाली! ह्येच तर औषध."

"आई, ती जिवंत आहेत," गौरी म्हणाली. ती कधी दारात येऊन उभी राहिली कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बाळ तिच्या खांद्यावर होतं.

मी काय केलं सांगू? मी बादली घेतली, नळाखाली धरली आणि पाचही पिल्लं तिच्यात सोडली. वाचवायला निघालो होतो ना!

"गोड्या पान्यात मारतंस काय रे त्येंना!" काकी किंचाळल्या. "समुद्राचा जीव त्यो!"

महेशनं धावत येऊन बादली ओतली आणि पिल्लं ओल्या फडक्यावर घेतली. दोन हलेनाशी झाली होती. अर्ध्या मिनिटात दोन गेली होती, माझ्या हातून.

काकी विळीवरच बसल्या होत्या. हातात चिरलेली मुशी, पण तो हात चालत नव्हता. गौरीकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "न्या. पन ही त्येंची आय हाय, ती गौरीला खायला लागंल. कबूल?"

गौरीनं मान हलवली. "कबूल."

समुद्र घरापासून पाच मिनिटांवर. आम्ही दोघं पळालो, मी नुसताच मागे. महेश कमरेइतक्या पाण्यात गेला आणि एकेक पिल्लू हातावर धरून सोडलं. पहिलं लगेच नाहीसं झालं. दुसरं वाकडं वाकडं गेलं. तिसरं उलटं तरंगलं. महेशनं ते परत सरळ केलं, बराच वेळ पुढे-मागे हलवलं, मग तेही गेलं.

"जगतील?"

"म्हाईत नाय, दादा. दिवस भरले व्हते, म्हनून आशा."

आम्ही ओल्या वाळूवर बसलो. महेश समुद्राकडे बघत बोलायला लागला. मी विचारलं नव्हतं.

"लग्नाआधी मी दुसऱ्याच्या बोटीवर जायचो, लांब खोल पान्यात. मोठ्या मुशी लागायच्या. मालक म्हनायचा, मांसाला भाव नाय, बर्फ फुकट जातो, पंख तेवढे काढा. पंख बाहेरच्या देशात जायचे, सूपासाठी. मग आमी पंख कापायचो आनि धड परत पान्यात ढकलायचो. जिवंत, दादा. पंखाबिगर पोहता येत नाय तिला. गोल गोल फिरत खाली जायची. मी एकदा वाकून बगितलं, तर ती माज्याकडं बगत व्हती. तवापासून नाय बगितलं."

"पण आता बंद आहे ना?"

"कायद्यानं बंद हाय. पंख बाहेर धाडायला बंदी, आनि आनायची तर पंखासकट अख्खी मुशी. काही जाती तर पकडायच्याच नायत, जाळ्यात आल्या तर सोडायच्या. लोक ऐकतात, काही नाय ऐकत." त्यानं वाळू मुठीत घेतली. "पन आमी नेल्या त्या कशा परत येनार? बांगडा लाखांनी अंडी टाकतो. ही म्हयनोन्‌म्हयने पोटात वागवते आनि चार-पाच पिल्लं देते. आईला वाटतं माजं जाळं कमनशिबी. त्यात जाळ्याचा काय दोष?"

सकाळी टोपलीतली सर्वांत फुगीर पोटाची मीच घेऊन आलो होतो.

दुपारी कालवण झालं. आलं, लसूण, मिरी, ओलं खोबरं, आंबटाला कोकम, तिखट बेतानं. वास असा की अंगणातल्या मांजरी ओळीनं बसल्या. काकींनी गौरीची वाटी स्वतः भरली, मोठे तुकडे वेचून, आणि माझ्या हातात दिली. "तू बस तिच्यापाशी. संपवल्याबिगर उठू देऊ नको."

मी खोलीत गेलो. गौरीनं एक घास तोंडाजवळ नेला, परत ठेवला. डोळ्यांत पाणी.

"दादा, नाही जमत. मला ती दिसतायत."

"तू कबूल केलंयस."

"माहिती आहे रे. आई आठ दिवस माझ्यासाठी जीव टाकतायत. त्यांना नाही कसं म्हणू? पण नाही जात घशाखाली."

बाहेर काकींच्या पावलांचा आवाज आला. मी वाटी घेतली आणि चार घासांत संपवली. चव उत्तम होती, हेच वाईट. काकी आत आल्या, रिकामी वाटी पाहिली आणि पहिल्यांदाच माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

त्या दुपारपासून मी निर्लज्ज झालो. गौरीच्या उशाशी पाण्याची बाटली, रिकामी झाली की भरायची. नर्सताईंचं नाव पुढे करून भेटायला येणाऱ्यांना पडवीतूनच चहा देऊन परत पाठवलं. दर दोन तासांनी मोबाइलचा गजर. रविवार असाच गेला. मी दर गजराला बाळाच्या गालाकडे बघायचो, भरलाय का, नाही, भरलाय का. मला काहीच कळत नव्हतं.

सोमवारी रत्नागिरीत डॉक्टरकडे गेलो. वजनकाट्यावर बाळ ठेवलं तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. मागून महेशचा हुंदका ऐकू आला. वळलो तर तो हसत होता. वजन वाढलं होतं. थोडंच, पण वाढलं होतं. गौरी तिथेच बाकावर बसून बाळाला पाजायला लागली.

दुपारी जेवून निघालो. घाट चढताना धुकं नव्हतं, ट्रक होते. पुण्यात शिरलो तेव्हा खूप दिवसांनी मला कसलीच काळजी वाटत नव्हती. एवढं सुख मला मानवत नाही, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

दोन आठवड्यांनी काकींचाच फोन आला. आवाज आनंदानं आणखी चढलेला.

"पोरगी गुबगुबीत झालीय! सांगितलं नव्हतं? मुशीनं करून दाखवलान! अख्ख्या वाडीत सांगितलंय मी, अगो, एका वाटीत दूध उतरलं. शेजारच्या सुनेचे दिवस भरत आलेत. महेशाला सांगून ठेवलंय, तिच्यासाठी आन. पोटुशीच हवी म्हनावं. आनखी दोघींनी सांगितलंय."

मी "हो, हो" म्हणत राहिलो. मग गौरीनं फोन घेतला, आत गेली असावी, आवाज दबका. "दादा, महेश आईंना नाही म्हणू शकत नाही. मी तर खोटी पडेन. काहीतरी कर ना." तीन दिवस मी काहीच केलं नाही. भीती कसली, तर एका म्हातारीचा रिकाम्या वाटीवरचा विश्वास मोडण्याची, आणि डोक्यावरून फिरलेल्या त्या हाताची.

काकींना वाचता येत नाही, पण मी इथे लिहिलेलं महेश त्यांना वाचून दाखवतो. म्हणून हा प्रवास सगळा लिहिला. महेश, इथून पुढचं जरा सावकाश वाच.

काकी, तुमच्या हाताला चव आहे, ती मी जन्मभर विसरणार नाही. पण गौरीनं त्यातला एक घाससुद्धा खाल्ला नव्हता. ती वाटी मी संपवली.