पांढऱ्या गवतातली हिरवी पट्टी

कुठल्याही मोठ्या इमारतीत शिरण्याआधी ताई हातमोजा काढायच्या आणि बाहेरच्या भिंतीवर तळवा टेकवायच्या. "थांब गं, आधी हिला भेटू दे," म्हणायच्या. इंग्लंडमधल्या स्लाऊच्या एका छोट्या कंपनीत आम्ही दोघी होतो. मोठ्या इमारती वर्षभरात एकूण किती वीज आणि गॅस खातात ते तपासायचं, हे आमचं काम. मी पुण्याहून नवीन आलेली. मला त्या हात लावण्याचं हसू यायचं.

दुसऱ्याच्या घरी चहाला गेल्यावर किटलीत पाणी किती भरलंय ते बघणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ताई त्यातल्या. पिनरला त्यांच्याकडे जेवायला गेलं, की पाहुण्यांच्या मागोमाग दिवे मालवत फिरायच्या.

एका जानेवारीत जुन्या स्विमिंग पूलचं काम आलं. गॅस भरमसाट जात होता, म्हणून कौन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका, तो बंद करायच्या बेतात होती. गुडघेदुखीच्या आज्या तिथे व्यायामाला येत. एरवी काठीशिवाय पाऊल न टाकणाऱ्या त्या बायका पाण्यात मात्र गप्पा मारत चालायच्या. मॅनेजरनं आकडा थोडा कमी दाखवता येईल का, असं चाचरत विचारलं. मलाही वाटलं, काय बिघडतंय?

"टोटल म्हणजे टोटल," ताई म्हणाल्या. "त्यात ॲडजस्टमेंट नाही."

मला त्यांचा रागच आला.

पण बॉयलर, पंप, पंखे सगळं धरूनही इतका गॅस का लागतो, याचा मेळ बसेना. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परत गेलो, तर ताई कारपार्कमध्येच थबकल्या. बाजूचं सगळं गवत गोठून पांढरं झालं होतं, आणि त्यातून एक हिरवी पट्टी सरळ शेजारच्या ऑफिसांकडे गेली होती.

"इथे फ्रॉस्ट धरलाच नाही बघ. खाली गरम पाइप आहे."

दोन्ही इमारती कधीकाळी एकाच मालकाच्या होत्या. पाइप सगळेच विसरले होते आणि पूल बिचारा शेजाऱ्यांना ऊब देत बसला होता. त्या गवताशेजारून मीही गेले होते. एवढी मोठी इमारत या बाईशी बोलते, असंच मला त्या क्षणी वाटलं.

पाइप तोडला. पूल वाचला.

ताई गेल्या वर्षी वारल्या. या जानेवारीत मी पूलवर गेले, तर आतून आज्यांचं हसणं ऐकू येत होतं. बाहेर गवत या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं. पट्टी कुठून जायची ते मॅनेजरलाही आठवेना. मी हातमोजा काढला आणि अंदाजानं जमिनीवर तळवा टेकवला. बर्फासारखी गार होती. मला इतकं बरं वाटलं, की रडूच आलं.