शेषरावच्या गाडीचा विमा

शेषराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळमनुरीच्या आठवडी बाजारात मेथी घेत होतो. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आधीच सगळं संपलं, असं त्याच्या साडूनं सांगितलं. जुडी तिथंच टाकून मी तांड्यावर गेलो. अंगणात माणसं जमली होती आणि त्याची गाडी लिंबाखाली उभी होती. पुढं कित्येक दिवस ती तिथून हलली नाही.

शेषराव राठोड माझा शाळेपासूनचा मित्र. शेती करायचा आणि दर वर्षी विमा संपत आला की मला हिंगोलीच्या गॅरेजवर ओढून न्यायचा. आमच्याकडं विमा नात्यातल्या एजंटाकडून डोळे झाकून घेतात. त्याचा साडूच एजंट, पण हा त्याला दाद देईना. ठोकलेल्या गाड्यांपाशी उन्हात उभा राहायचा आणि येणाऱ्या मालकांना विचारायचा, "कंपनीचं कोणी बघाया आलं का, का नुसतेच फोन?" मी वैतागायचो. "विमा घेऊन राहिलास का पोरीला स्थळ बघून राहिलास?" तो शांतपणे म्हणायचा, "घेताना समदेच गोड बोलतेत. तकलीफ झाल्यावर कोण येतं, ते बघावं." एवढं करून चहा मलाच पाजावा लागायचा. आता वाटतं, तो छळ अजून थोडा चालायला हवा होता...

तेराव्यानंतर विम्याची मुदत भरत आली. वहिनींना गाडी लागणारच होती. शेतावर जायला ती त्याच चालवायच्या, त्यानंच शिकवलं होतं. साडू म्हणाला, "गाडीवर नाव राहू द्या त्यांचंच. कोण बघून राहिलं?" वहिनींनाही तेच हवं होतं. पण मी मुकाट्यानं गॅरेजवर गेलो आणि शेषराव विचारायचा तेच विचारत हिंडलो. दोघातिघांनी एकाच कंपनीचं नाव घेतलं. तिथल्या मुलीनं विमा द्यायच्या आधीच अडवलं. "आधी गाडी काकूंच्या नावावर करा. तशीच चालवली आन् काही झालं, तर भरपाई अडकंल."

हे मी वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "रेशनकार्डावरून काढलं, बँकेतून काढलं. आता गाडीवरून बी काढायचं? काहून?" मी म्हणालो, "वहिनी, त्यानं हीच कंपनी निवडली असती." हे खरं होतं. गाडी त्यांच्या नावावर होईपर्यंत दारातच राहिली.

मग ती मुलगी घरी आली. मोबाइलवर माहिती भरता भरता तिनं विचारलं, "काकू, उद्या तुमाला काही झालं, तर पैसे कोणाला द्यायचे? नाव सांगा."

"शेषराव राठोड," वहिनी म्हणाल्या.

मुलीचं बोट थांबलं. तांड्यावरच्या त्यांच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. वहिनींनी जन्मभर त्याला 'आमचे' म्हटलं. त्यांच्या तोंडून त्याचं नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो. वहिनी मुलीकडं बघत होत्या, तिनं ते लिहून घ्यावं म्हणून. मला त्यांच्या लेकीचं नाव सांगायचं होतं... पण तोंडच उघडेना.