तीन माणसं आणि गडग्याचा दगड

गेल्या रविवारी आम्ही खारेपाटणला मुलगी बघायला गेलो.. म्हणजे दादासाठी. माझा नंबर यायला अजून वेळ आहे, आणि आता तर येईल असं वाटत पण नाही.

दादाची मिठबावला आंब्याची बाग आहे. माणूस एक नंबर. पण हल्ली सगळ्यांना मुंबई-पुण्याचा पाहिजे, निदान नोकरीवाला तरी.. बाग म्हटली की पलीकडून फोन ठेवतात. त्यामुळे हे स्थळ आलं आणि भटजींनी गुण भरपूर जुळतायत म्हणून सांगितलं, तेव्हा आई भांडी घासताना गाणी म्हणायला लागली होती.

बाबा गेल्यापासून कुठे शुभकामाला जायचं तर आम्ही तिघंच. आणि तीन म्हणजे वाईट.. तीन तिघाडा काम बिघाडा. म्हणून निघताना आई अंगणातल्या गडग्याचा एखादा सुटा दगड उचलते, रुमालात बांधते आणि पिशवीत घालते. गडगा, म्हणजे दगडांचं कुंपण, बाबांनी स्वतःच्या हाताने रचलेलं. तो दगड चौथा, मग आम्ही चार.

मी गाडी काढता काढता आईला पिडायला लागलो. आदल्या दिवशीच एक रील बघितलेली.. गणित म्हणजे अख्ख्या जगाची एकच भाषा, कुठेही जा, तीन म्हणजे तीनच. दहावीला गणितात दोनदा आपटलेला माणूस आईला गणित शिकवत होता!

"जगाचा जगाकडे ऱ्हवांदे," आई म्हणाली. "तू गाडी चालव."

दादा मागे बसून हसत होता. नवीन शर्ट घातलेला.. इस्त्री मोडू नये म्हणून सीटला टेकला पण नव्हता.

तिकडची माणसं खूप साधी, चांगली. मुलगी हायस्कूलला गणित शिकवते. नाव लिहीत नाही, आधीच नको तेवढं बोलून झालंय. दादा आणि ती एकमेकांकडे बघून न बघितल्यासारखं करत होते.. म्हणजे जमत होतं.

मग पोह्यांच्या चार डिश आल्या. आईने फोनवर "चौघे येतो" असंच सांगितलेलं ना.. तीन हा शब्द तोंडातून पण काढायचा नाही. मुलीचे वडील दाराकडे बघत म्हणाले, "चौथे पाहुणे गाडी लावतायत का?"

आता असा चान्स मी सोडणार? आईच्या पिशवीतून रुमाल काढला, गाठ सोडली आणि दगड रिकाम्या खुर्चीवर बसवला. म्हटलं, "हे आमचे चौथे. डिश राहू दे, त्यांचे पोहे मी खातो."

सगळे पोट धरून हसले. मुलगी तर ओढणी तोंडाला लावून हसत होती, आणि तिला हसताना बघून दादा हसत होता. आई तेवढी हसली नाही.

तिथे थांबायला पाहिजे होतं. पण लोक हसायला लागले की माझा ब्रेक लागत नाही..

"मॅडम, तुम्हीच सांगा," मी म्हटलं. "तीन माणसं आणि एक दगड, किती झाले? गणित जगात सगळीकडे सेम असतं म्हणतात."

ती पण मजेत होती. म्हणाली, "आकडे सेमच असतात हो. पण काय मोजताय ते आधी सांगायला लागतं. नुसत्या आकड्यावरून कोणाला काय कळणार?"

"मग आमच्या तुळशीकडे येऊन मोजा," मी बोलून गेलो. "असे आठ पडलेत. हा नववा!"

कोणी हसलं नाही.

आठ काय, हे कोणी विचारलंच नाही. मुलीच्या आईने फक्त "आठ?" म्हटलं, ते पण आमच्याकडे नाही, नवऱ्याकडे बघून. काय मोजलं ते मी सांगितलं नव्हतं, तरी त्या घरात प्रत्येकाला कळलं.. आठ दगड म्हणजे आठ घरं, आठ वेळा पोहे, आठ वेळा नाही.

दादा मान खाली घालून पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत बसला. त्याला शेंगदाणे आवडतात..

येताना गाडीत फणसगाव गेल्यावर मी एकदा म्हटलं, "मस्करी केलंय रे." दादा खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "म्हायत आसा माका." आता तो सीटला टेकून बसला होता.

बुधवारी त्यांचा फोन आला. गुण जुळत नाहीत म्हणे. त्याच पत्रिका, तेच भटजी.. रविवारपर्यंत भरपूर जुळत होते.

मला वाटलं, आई शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने रुमालातून दगड काढला, तुळशीकडे बाकीच्यांच्या शेजारी ठेवला आणि म्हणाली, "पुढच्या खेपेक तू येव नको. आमी दोघांच जातलव."

मी येड्यासारखं विचारलं, "आणि दगड?"

"दोघांका दगड कित्याक व्हयो?"

ती आत गेली. मी तिथेच उभा.. इतकी वर्षं आईचं गणित चुकतंय म्हणून मी हसत होतो. दगड कोणामुळे लागत होता, ते मी कधी मोजलंच नव्हतं.

हे लिहू का म्हणून दादाला विचारलं. म्हणाला, "लिव. आता लपवचा काय रवला?" मग थोड्या वेळाने परत आला.. "बागेबद्दल पण लिव जरा."

तर बाग खरंच चांगली आहे, घरापासून समुद्र दिसतो. दादा दोन शब्द कमी बोलतो, पण शब्द पाळतो. कोणाच्या बघण्यात मुलगी असेल तर सांगा.

दोघंच येतील.