उलट्या विमानातली वीस मिनिटं

कॉलेजात असताना मी छात्रसेनेच्या हवाई तुकडीत होते. हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, खंडेराव गेटाजवळच्या आमच्या गल्लीतून विमानात बसणारी मी पहिलीच मुलगी. बाबा सरकारी कचेरीत कारकून. परवानगीच्या कागदावर त्यांची सही मिळवायला मी दोन दिवस जेवले नव्हते. त्यामुळे त्या सकाळी धावपट्टीवरचा वारा बघून भीती वाटली, तरी "आज नको" म्हणायची सोय उरली नव्हती. घरी कुठल्या तोंडाने सांगणार?

चैत्र संपत आला होता. वारा मध्येच पडायचा, आणि मग असा झोडपायचा की खांबावरची, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी फाटकन आडवी व्हायची. आमचे सर फौजेतून निवृत्त झालेले वैमानिक. बोलायचे कमी, तेही हिंदीत, आणि आम्ही सगळे त्यांना टरकून असायचो. ते त्या पिशवीकडे बराच वेळ बघत राहिले.

"डर लग रहा है?"

"नहीं सर."

विमानात शेजारी-शेजारी दोनच जागा होत्या. सरांनी माझे पट्टे ओढून घट्ट केले आणि आम्ही धावत सुटलो. चाकं सुटली. घराच्या छपराइतकेही वर गेलो नसू, तोच डावीकडून झोत आला आणि डावा पंख उचलला गेला. सरांनी विमान सावरायचा दांडा जोरात डावीकडे दाबला, पण उजव्या पंखाचं टोक जमिनीला लागलं होतं. पुढचा फक्त आवाज आठवतो.

मी उलटी लटकत होते. तोंडात धूळ, नाकात पेट्रोलचा वास.

"आई गं!"

"लागलं का गं?" शेजारून सरांचा आवाज आला. मराठीत.

"सर, तुम्ही मराठी?"

"साताऱ्याचा. ते नंतर. हातपाय हलतात का?"

माझे हलत होते. त्यांचा पाय मात्र दुमडलेल्या पत्र्यात अडकला होता. मी पट्ट्याचं बकल ओढू लागले. जितकं ओढावं तितका पट्टा छातीत रुतत होता. श्वास पुरेना.

"ओढू नकोस. एक हात छताला टेकव, भार त्याच्यावर घे. मग उघड."

बकल सुटलं आणि मी खांद्यावर आदळले. दाराला लाथा मारल्या. ते हललंसुद्धा नाही.

"कवाड अडकलंय, सर!"

"कवाड!" ते वेदनेतही हसले. "आमच्याकडची म्हातारी माणसं असं बोलतात."

कुठेतरी थेंब पडत होते, टप, टप. "आग लागली तर?" मी विचारलं.

"इंजिनाचा स्विच बंद केलाय. तू बोलत राहा."

मग मी माझ्या मोडक्या मराठीत बोलत राहिले. लक्ष्मी ताल या तळ्याजवळच्या देवळात पूजा सांगायला पिढ्यांपूर्वी दक्षिणेतून आलेले पूर्वज, कॉलेज, काय वाट्टेल ते. शेवटी मी रडत म्हणाले, "मी खोटं बोलले. मला भीती वाटत होती."

"मलाही," ते म्हणाले. "आणि मी तर मोठा होतो."

शेजारच्या शेतातली माणसं सब्बल, म्हणजे पहारी, घेऊन धावत आली. "मोड़ी, मूँड़ बचा!" पोरी, डोकं सांभाळ, असं एकजण ओरडला आणि काच फुटली. सर म्हणाले, "पहले इसको." मला बाहेर ओढलं. आतल्यापेक्षा मला ते बाहेर उभं राहणं जड गेलं. सर अजून आतच होते, आणि लोक पत्रा वाकवत होते.

त्यांचा पाय दोन ठिकाणी मोडला होता. चौकशीत त्यांनी सगळी चूक स्वतःवर घेतली आणि पुन्हा उडाले नाहीत. मला फक्त खरचटलं होतं. बाबा महिनाभर रोज मला कॉलेजपर्यंत सोडायला आले.

पुढे कित्येक वर्षं मी न्हाणीघराची कडी लावत नसे. लग्नानंतर सासूबाईंना ते विचित्र वाटायचं. एक दिवस मी त्यांना सगळं सांगितलं. तेव्हापासून मी आंघोळीला गेले की त्या बाहेर पाट टाकून भाजी निवडत बसायच्या.