तीनचा चहा आणि कालव्याचं दार

आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली त्या मे महिन्यात, म्हणजे २०११ साली, आम्ही दोघं आयर्लंडमध्ये नास गावी लेकीकडे होतो. जावई तिथल्या इस्पितळात डॉक्टर. एका रात्री जेवताना मेघानं जाहीर केलं, "आई-बाबा, तुम्हाला डब्लिनला दोन रात्री हॉटेलात पाठवतेय. जुन्या काळची हवेली आहे, अठराच खोल्या. आणि बाबा, खिडकीतून कालवा दिसतो. मुद्दाम तशीच खोली घेतलीय!"

मी खूश झालो. सौ.नं, म्हणजे सुनंदानं, ताटातली आमटी ढवळत लेकीकडे असं पाहिलं की मेघा भात आणायला उठली.

वाचकांना याचं कारण सांगायला हवं. मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. फलटण भागात उजव्या कालव्यावर तेहेतीस वर्षं नोकरी केली. आवर्तन सुरू झालं, म्हणजे कालव्याला पाणी सुटलं, की माझं घर नावापुरतं. कुणी चोरून कालव्याचं दार उचललं, कुठं भराव खचला, शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी पोचलं नाही, की निरोप यायचा आणि मी हातातला घास ठेवून सायकलला टांग मारायचो. मेघाच्या बारशाला चिखलाच्या पायांनी आलो तेव्हा पाळणा म्हणून झाला होता आणि बायका घुगऱ्या घेऊन घरी निघाल्या होत्या. सुनंदानं कधी भांडण काढलं नाही. पण कालवा हा शब्द तिच्यासमोर काढू नये, एवढं मला कळत होतं.

निवृत्त झालो तरी खोड जाते थोडीच! नासला पोचल्याच्या दुसऱ्याच सकाळी मला तिथला कालवा सापडला. मुख्य कालव्याची एक शाखा थेट गावात येऊन थांबते. मी रोज तिथे. पहिले काही दिवस एकच कोडं सुटेना: एवढं पाणी, आणि काठावर शेताकडे पाणी नेणारी एकही चारी नाही! नंतर जावयानं सांगितलं, हा कालवा शेतीसाठी नाहीच, होड्यांतून माल न्यायला खणला. शेताला पाणी इथे आभाळच देतं, आणि तेही मागणी-अर्ज न घेता. मला हे पचायला आठवडा लागला.

असो. आता प्रवास. नासहून डब्लिनला बस मिळते, पण आम्ही सॅलिन्स स्टेशनवरून आगगाडीनं गेलो. मेघानं गाडीनं सोडलं, दहा मिनिटांचा रस्ता. तिथून अर्ध्या-पाऊण तासात डब्लिन. गाडी स्वच्छ, खिडक्या मोठ्या, बाहेर हिरव्या कुरणांत गुबगुबीत मेंढ्या. सुनंदानं पिशवीतून दशम्या काढल्या आणि पहिला घास घ्यायच्या आधीच अट सांगितली.

"उद्या दुपारी तीनला हॉटेलात चहा आहे. मेघानं टेबल सांगून ठेवलंय. त्या चहाला तुम्ही शेवटपर्यंत बसायचं. मधी उठायचं नाही."

"एवढंच?"

"एवढंच. पस्तीस वर्षांत एकदा पंगत पुरी करा माझ्यासंगं."

मी शब्द दिला. द्यायला काय लागतंय!

स्टेशनवरून टॅक्सी केली. सामान कमी असेल तर ट्राम आणि पायी जमेल, पण सुनंदाच्या बॅगेत इरकल साडी होती आणि ती चुरगळू नये म्हणून बॅग आडवी धरायची होती. हॉटेल म्हणजे लाल विटांचं चार मजली घर, पिवळं दार, दारावर अर्धगोल काचेची कमान, पितळी कडी अशी चकचकीत की चेहरा दिसावा. आत काउंटर वगैरे काही नाही. एका बाईनं आम्हाला शेकोटीसमोर बसवून नावं विचारली, बॅगा आपोआप वर गेल्या. खोलीत माणूसभर उंचीच्या खिडक्या, प्रत्येकी चार उशा आणि न्हाणीघरात पाय असलेला टब. पाय म्हणजे खरेच, सिंहाचे पंजे! उशीवर सोनेरी कागदात एकेक चॉकलेट. भाडं मेघानं शेवटपर्यंत सांगितलं नाही, पण तिथे मंदी असल्यामुळे अशी हॉटेलं आठवड्याच्या मधल्या दिवसांत बरीच स्वस्त मिळतात म्हणे. जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा.

खिडकीबाहेर कालवा होता. दोन्ही काठांना झाडं, वेतासारखं उंच गवत, दोन राजहंस. मी स्वतःच्या हातानं पडदा ओढून घेतला. सुनंदानं ते पाहिलं आणि मग चहा तिनं करून दिला. रात्री खालच्या जेवणाचं दरपत्रक वाचून आम्ही वर आलो आणि त्या शाही खोलीत गालिच्यावर वर्तमानपत्र पसरून मेथीचे ठेपले आणि लसणीची चटणी खाल्ली. वासासाठी खिडकी उघडावी लागली, त्याला माझा इलाज नव्हता.

सकाळी सुनंदानं दोन्ही पलंगपोस घडी घालून, उशा रचून ठेवल्या. "पाहुण्यानं पसारा ठेवून जाऊ नये." खोली आवरायला आलेल्या मुलीला समजेना की आम्ही रात्री झोपलो तरी कुठे. न्याहारीला ओट्सची खीर, सोड्याचा ब्रेड आणि मुरंबा छान. शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवा: पुडिंग या नावाला भुलू नका. तिथे ताटात येणारं काळं पुडिंग रक्त घालून केलेलं असतं. वाढणाऱ्या मुलीनं आपणहून सांगितलं म्हणून वाचलो.

मग जवळच्या मोठ्या बागेत फिरलो, रंगीत दारांच्या गल्ल्या पाहिल्या. ऊन पडलं होतं, ही तिथे बातमी असते. ओळख नसलेली माणसंही आम्हाला "ग्रँड डे!", म्हणजे झकास दिवस, म्हणत होती आणि सुनंदा प्रत्येकाला मान डोलावून "ग्रँड, ग्रँड" म्हणत होती. तिला इतकं मोकळं मी फार दिवसांनी पाहत होतो.

अडीचला परतलो. ती साडी नेसायला लागली. "अर्धा तास लागंल. खाली थांबा, पर लांब जाऊ नका." मी पायरीवर उभा राहिलो. खरंच नुसता उभा होतो.

आणि आवाज आला. दार उचललं की खालून पाणी सुटतं, त्याचा. तो आवाज मी झोपेत ओळखतो. पाय आपोआप वळले. रस्ता ओलांडून शंभर पावलांवर कालव्याची लाकडी दारं होती आणि तिथे साध्या स्वेटरमधला एक पांढऱ्या केसांचा माणूस लोखंडी चावी घेऊन दाराची फळी उचलत होता! ना गणवेश, ना बिल्ला. आमच्याकडे ती चावी खात्याच्या माणसाखेरीज कुणाच्या हातात दिसली की समजायचं, पाणीचोर.

"ए!" मी तेहेतीस वर्षांच्या सवयीनं ओरडलो. "कुणाला विचारून दार उचललं?" मग भान आलं, इंग्रजीत विचारलं, "हू गेव्ह परमिशन?"

माणसानं शांतपणे कपाळ पुसलं. "मीच दिली," तो म्हणाला. "या दारांचा राखणदार मीच आहे, सर."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. खालच्या अंगाला एक होडी थांबली होती, त्यातलं जोडपं पोट धरून हसत होतं. पण डेक्लन, म्हणजे तो राखणदार, चिडला नाही. मी कोण, कुठला हे कळल्यावर त्यानं चावी माझ्या हातात दिली आणि होडीवाल्यांना ओरडून सांगितलं, "हा गडी आपल्याच खात्यातला आहे!"

मग काय विचारता! दोन दारांमधल्या हौदात होडी घ्यायची, मागचं दार लावायचं, हौद भरला की पुढचं उघडायचं. गळती किती, लाकूड कुठलं, काठावर उंदीर बिळं पाडतात का, हे सगळं मी विचारलं. त्यांच्याकडेही पाडतात. मला भाऊ भेटल्यासारखं झालं.

घड्याळ पाहिलं तेव्हा तीन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

वळलो तर काठावर सुनंदा उभी. हिरवी इरकल, केसात मेघाच्या बागेतलं फूल, हातात कागदी रुमालाची पुरचुंडी.

"तीन मजली ताटली आली," ती म्हणाली. "काकडीचे सँडविच, केक. वीस मिनिटं एकटी बसले. वाढणारी पोरगी दोनदा विचारून गेली, कुणी येणार आहे का. मी म्हटलं, येतील." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. तिनं पुरचुंडी पुढे केली. "खावा. उपाशी असाल."

त्यात एक केक होता. तेहेतीस वर्षं ती गड्याच्या हाती कालव्यावर डबा पाठवत होती, तसाच. मला माझी लाज वाटली. आजवर वाटायला हवी होती तेवढी सगळी तिथे एकदम वाटली. 

डेक्लनला भाषा कळली नाही, पण प्रसंग कळला असावा. त्यानं टोपी काढली आणि दाराचा लांबलचक लाकडी दांडा दाखवत म्हणाला, "बाई, जरा हात लावता का?"

मला वाटलं, ही पाठ फिरवणार. तिनं पदर खोचला.

दांड्याला पाठ लावून ढकलायचं असतं. ती ढकलायला लागली, दार हलेना. "जोर नको लावू," मी म्हणालो, "दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आलं की आपसूक हलतं." आम्ही दोघं दांड्याला टेकून थांबलो. पाण्याचा आवाज कमी होत होत बंद झाला. मग तिनं पुन्हा पाठ लावली आणि ते एवढं थोरलं दार कुरकुरत, हळूहळू उघडलं. होडी निघाली. होडीतल्या बाईनं टाळ्या वाजवल्या. सुनंदा लहान पोरीसारखी हसली.

"हे असं असतंय व्हय!" ती म्हणाली. "पस्तीस वर्षं नुसतं नाव ऐकत आले. दार, दार, दार."

"तुला कालव्याचा राग होता ना?"

"कालव्याचा कशाला राग? तुम्ही उठून जायचा. एकदा तरी 'चल' म्हणाला असता, तर आले असते की."

मला हे कधी सुचलं नव्हतं. खरंच सांगतो, तेहेतीस वर्षांत एकदाही नाही.

चारला हॉटेलात परतलो. आमचं टेबल तसंच होतं, वाढणाऱ्या मुलीनं नवी किटली आणून ठेवली आणि "तुम्ही आलात, ग्रँड!" म्हणाली. मी साडेपाचपर्यंत बसलो. मधे रस्त्यावर कसलासा मोठा आवाज झाला, मान वळवली नाही. सुनंदानं मला मेघाचं बारसं सांगितलं. कोण कोण आलं होतं, पाळण्याला कुठली फुलं होती, बाळाच्या कानात कुर्र कुणी केलं. मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी नासला आलो, जूनमध्ये फलटणला. सोनेरी कागदातली दोन्ही चॉकलेटं अजून आमच्या फ्रिजमध्ये आहेत, सुनंदा कुणाला हात लावू देत नाही. टबाचे पंजे, चार उशा, पितळी कडी हे आलेल्या-गेलेल्याला सांगून झालं. कुणी विचारलं तर मी म्हणतो, परवडत असेल तर एकदा जरूर जा, आणि खोली कालव्याकडचीच घ्या.

आल्यावर दुसऱ्या संध्याकाळी सवयीनं काठी घेतली, चपला घातल्या. आवर्तन सुटलं होतं, पाण्याचा वास अंगणात येत होता. फाटकाशी गेलो आणि मागे फिरलो.

"सुनंदा," मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणालो, "चल."

"थांबा जरा," ती म्हणाली. "दूध वर येतंय, गॅस बंद करते."

मी थांबलो.