कमानीचा ऊस

डॉक्टर अण्णाराव काही वाईट गृहस्थ नव्हते, असं म्हणणारी माणसं धाराशिवात अजून भेटतात. त्यातली बहुतेक त्यांनीच नोकरीला लावलेली असतात. खरं तर वाईट व्हायलाही अंगात थोडं पाणी लागतं. अण्णारावांचं सगळं पाणी खुर्चीच्या पायांना जात होतं.

त्यांचं गाव ढोकीच्या अलीकडे. बाप लवकर गेला, आईनं, केशरबाईंनी, घरच्या कोरडवाहू तुकड्यावर भागेना म्हणून दुसऱ्यांच्या रानात राबून लेकराला शिकवलं. बहात्तरच्या दुष्काळात केशरबाई दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या, तेव्हा चिरंजीव कृषी विद्यापीठात उसाच्या रोगांवर प्रबंध लिहीत होते. प्रबंध पुरा झाला, नावाआधी डॉक्टर लागलं, आणि इतकी वर्षं ‘माय’ म्हणणारा मुलगा ‘आई’ म्हणू लागला. केशरबाईंना ते परक्यानं हाक मारल्यासारखं वाटायचं, तरी त्या कौतुकानं ओ द्यायच्या.

दुष्काळ सरला आणि सहकाराचं वारं सुटलं. ज्याच्या विहिरीला जरा पाणी लागलं त्याला ऊस लावायचा होता. विद्यापीठानं धाराशिवजवळच्या माळावर ऊस रोगशास्त्र विभाग काढला आणि अण्णारावांना तिथं प्रभारी प्रमुख म्हणून धाडलं. हा ‘प्रभारी’ त्यांना दातात अडकलेल्या चिपाडासारखा सलायचा. आल्याआल्या त्यांनी पेंटर बोलावला आणि दर्शनी भिंतीवर विभागाचं ध्येय रंगवून घेतलं: निरोगी ऊस, निश्चिंत शेतकरी. अक्षरांचा रंग पसंत पडेना म्हणून भिंत पुन्हा पुन्हा पुसली. सूक्ष्मदर्शक तोवर खोक्यातच होता. बैठकीत ते नेतृत्वावर तासभर बोलायचे, आणि बैठक संपली तरी काम कुणी काय करायचं ते कुणालाच कळलेलं नसायचं.

उद्घाटनाला कुलगुरू येणार होते. ते खूश झाले की प्रभारी पुसलं जाणार, हे अण्णारावांनी मनाशी पक्कं केलं होतं. सोबत कारखान्याचे चेअरमन यायचे होते आणि त्यांचा निरोप होता की कमान अख्ख्या उसाची पाहिजे. आपल्याकडची रीतच ती. पण दुष्काळातून नुकत्याच उठलेल्या मुलखात डोक्याच्या वर गेलेला ऊस आणायचा कुठून? तसा तो एकाच जागी उभा होता, विभागाच्या मागच्या फडात, टँकरच्या पाण्यावर जगवलेला.

त्या फडाचं काम मात्र वेगळं होतं. उसाची कोणती जात रोगाला दाद देत नाही हे बघायला तिथलं सगळं बेणं काणीच्या काळ्या भुकटीत बुडवून लावलं होतं. काणी लागली की शेंड्यातून काळा चाबूक निघतो, ऊस गवतासारखा बारीक होत जातो, आणि त्याचं बेणं जिथं जाईल तिथं रोग जातो. ती भुकटी पाण्यात कालवली होती खुद्द अण्णारावांनी. कालवताना फोटोही काढून घेतला होता.

मुकादम व्यंकट कोयता घेऊन आला आणि फड तोच ना, असं विचारून उभा राहिला. अण्णाराव म्हणाले, चाबूक न फुटलेले बघून तोडा, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, कार्यक्रम झाला की जाळून टाकू.

आता, कार्यक्रम झाल्यावर कमान कुणाची असते हे आपल्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. पाहुण्यांची गाडी हलली की माणसं कमानीवर तुटून पडतात. कुणी तिथंच ऊस सोलतं, कुणी लावायला नेतं. थोरामोठ्यांच्या डोक्यावरून गेलेला ऊस रानाला लाभतो म्हणतात. लहानपणी गावच्या शाळेच्या उद्घाटनाला याच अण्णारावांनी कमान ओरबाडून ऊस पळवला होता. म्हणजे माहीत नव्हतं असंही म्हणायची सोय नाही. आणि त्या साली तर बेण्यासाठी माणसं वणवण फिरत होती.

कुलगुरू खूश झाले. अण्णाराव त्यांच्या मोटारीचं दार धरून फाटकापर्यंत चालत गेले. परत आले तर कमानीचे नुसते बांबू उरलेले. एसटीकडे निघालेल्या गर्दीत त्यांना नवं लुगडं नेसलेली आई दिसली. तिच्या डोक्यावर उसाची मोळी होती. दुष्काळात कोरडी पडलेली विहीर केशरबाईंनी भावाला हाताशी धरून खोल नेली होती, पाणी लागलं होतं, आणि आपल्या नावानं कारखान्याला ऊस घालायचा एवढी एकच हौस त्यांनी धरली होती.

“तुझ्या फडाचा हाय म्हनून घेतला बाबा,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्याच्या बेन्याचा काय भरवसा?”

बोलायचं असतं तर तेव्हाच. पण बोललं की चार माणसांत बोभाटा, बोभाटा कुलगुरूंच्या कानावर, आणि खुर्ची गेली. अण्णारावांनी इकडंतिकडं बघितलं. मग पुढं होऊन आईच्या डोक्यावरची मोळी जरा सरळ करून दिली.

उन्हाळ्याच्या आत ते कायम झाले.

वर्षभरानं केशरबाईंच्या वावरात चाबूक निघाले. जिथं जिथं कमान गेली होती तिथं तिथं निघाले. दुसरा कुणी तोंड लपवून बसला असता. अण्णारावांना यात मोहीम दिसली. काणी निर्मूलन मोहीम, तिला एक जीप, जीपवर भोंगा, आणि नेतृत्व अर्थात त्यांचं. शुभारंभाला त्यांनी स्वतःच्या आईचं वावर निवडलं, कारण तिथं परवानगी मागायची गरज नव्हती.

कुलगुरू पुन्हा आले. मंडप पडला. केशरबाईंचा पहिलावहिला ऊस त्यांच्या डोळ्यांदेखत मुळासकट उपटून ढीग केला आणि त्याला काडी लावली. केशरबाई पुढच्याच सतरंजीवर बसल्या होत्या. कुलगुरूंनी आपुलकीनं विचारलं, “बाई, बेणं कुठून आणलं होतं तुम्ही?”

केशरबाईंनी आधी लेकाकडं बघितलं. लेक भोंग्याची वायर नीट करत होता. इतका वेळ लागावा असं त्या वायरीला काहीही झालेलं नव्हतं.

“तुळजापूरच्या बाजारातनं,” केशरबाई म्हणाल्या.

अण्णारावांनी लगेच माईक हातात घेतला. “बघा,” ते म्हणाले, “आपल्या विभागाला लढायचंय ते या अज्ञानाशी.” टाळ्या पडल्या.

पाहुणे गेल्यावर ते रीत म्हणून घरी चहाला टेकले.  ते निघाले तेव्हा केशरबाई दारापर्यंत आल्या.

“अण्णा, पुन्यांदा कमान उभी करशील तर केळीच्या खांबाची कर.”

अण्णाराव वाकून बुटाची नाडी बांधत होते. केळीवरही रोग पडतो आई, ते म्हणाले, पर्णगुच्छ म्हणतात त्याला.